‘माझ्यावर नाही हो, पण लोकांवर होतो’ : सेन्सॉरशिपचा पाठिंबा आणि तो तिसरा माणूस

प्रश्न थोडक्यात असा आहे : संज्ञापन अभ्यासाच्या एम.ए.साठी एका विद्यार्थिनीने ओटीटीवरच्या मालिकांबद्दल सर्वेक्षण केलं. बहुतेकांनी सांगितलं, सेन्सॉर हवंच. त्याच मंडळींना ‘या मालिकांचा तुमच्यावर वाईट परिणाम होतो का?’ असं विचारलं तर नाही म्हणाले, ‘इतरांवर होतो का?’ म्हटलं तर लगेच हो. मार्गदर्शकांनी सांगितलं, हा ‘थर्ड पर्सन इफेक्ट’. आता ‘लोक इतरांवरचा परिणाम फुगवून बघतात, आणि म्हणून सेन्सॉरशिपला पाठिंबा देतात’ असा निष्कर्ष लिहिला तर चालेल का?

नाही, लिहू नका. त्या एका वाक्यात तीन दावे आहेत आणि तुमच्या आकड्यांनी त्यातला एकही सिद्ध होत नाही. लोक ‘फुगवून’ बघतात, हा पहिला. पाठिंबा ‘म्हणून’ आहे, हा दुसरा. तिसरा दावा दिसत नाही, पण तुमची सगळी प्रश्नावली त्याच्यावर उभी आहे : ‘इतर’ म्हटल्यावर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तीच माणसं येतात. मी सर्वेक्षणं करतो आणि करायला शिकवतोही, आणि माझ्या मते या विषयातलं सगळं नाट्य त्या ‘इतर’मध्येच आहे.

ही कल्पना आली कुठून ते आधी सांगतो, कारण मूळ लेख न वाचता तिचं नाव घेणारे फार झालेत. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. फिलिप्स डेव्हिसन यांनी १९८३ साली ‘पब्लिक ओपिनियन क्वार्टर्ली’मध्ये तो लिहिला. त्यात दुसऱ्या महायुद्धातली एक हकिकत आहे. इवो जिमा बेटावर अमेरिकेची एक तुकडी होती, सैनिक कृष्णवर्णीय आणि अधिकारी गोरे. जपान्यांनी पत्रकं टाकली : हे गोऱ्यांचं युद्ध आहे, आमचं तुमच्याशी काही वैर नाही, त्यांच्यासाठी जीव कशाला घालवता? दुसऱ्या दिवशी ती तुकडी मागे घेण्यात आली. सैनिकांचं मन पत्रकांनी डळमळलं याचा पुरावा काही नव्हता. डळमळले ते अधिकारी, आणि तेही सैनिकांवर काय परिणाम होईल या धास्तीने. डेव्हिसन यांचा दुसरा अनुभव पश्चिम जर्मनीतल्या पत्रकारांचा. अग्रलेखांचा परिणाम किती होतो, असं विचारल्यावर उत्तर मिळे : तुमच्या-माझ्यासारख्यांवर फारसा नाही, पण सामान्य वाचकावर बराच होत असणार. (हे उत्तर ऐकायला जर्मनीला जायची गरज नाही. पुण्यातल्या कुठल्याही कट्ट्यावर चहा मागवा.)

सेन्सॉरशिपचा मुद्दा डेव्हिसन यांनी त्याच लेखात काढला होता. ज्या मजकुरावर बंदी घालायची तो वाचून आपण स्वतः बिघडलो, असं सांगणारा सेन्सॉर शोधून सापडायचा नाही. बोर्डाचे सदस्य कापायची दृश्यं सगळ्यांच्या आधी आणि सगळीच्या सगळी बघतात. तरी ते बिघडणार नाहीत हे ते गृहीत धरतात आणि गंमत म्हणजे आपणही धरतो.

प्रबंधात साधारणपणे इथून लोक थेट आकडेशास्त्राकडे जातात. मी तुम्हाला आधी कोर्टात नेणार आहे. समाजशास्त्रज्ञांनी या तिसऱ्या माणसाला नाव देण्याच्या शंभरेक वर्षं आधी न्यायाधीशांनी त्याला कायद्यात बसवलं होतं, आणि त्याचं वय, शिक्षण, लिंग यावर भांडणंही केली होती.

इंग्लंडमध्ये १८६८ साली हिकलिन खटल्यात मुख्य न्यायाधीश कॉकबर्न यांनी अश्लीलतेची कसोटी घालून दिली. ज्यांची मनं अशा अनैतिक प्रभावांना बळी पडण्याजोगी आहेत आणि ज्यांच्या हाती हे प्रकाशन पडू शकतं, त्यांना भ्रष्ट करण्याकडे त्याचा कल आहे का, हे बघायचं. नीट वाचा. पुस्तक वाचून न्यायाधीशाला काय झालं हे विचारायचंच नाही. कोर्टात हजर नसलेल्या, कच्च्या मनाच्या कुणाला तरी काय होईल याचा अंदाज बांधायचा. थर्ड पर्सन इफेक्टला यापेक्षा स्वच्छ कायदेशीर रूप देता आलं नसतं.

१९६० साली लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ छापल्याबद्दल पेंग्विन प्रकाशनावर खटला चालला. सरकारी वकील मर्विन ग्रिफिथ-जोन्स यांनी ज्युरीला विचारलं, हे पुस्तक तुमच्या बायकोने किंवा तुमच्या नोकरांनी वाचावं असं तुम्हाला वाटेल का? ज्युरीतल्या बारा जणांत तीन बायका होत्या. आपण ज्यांच्या बिघडण्याची काळजी वाहतोय त्याच माणसांना आपण हे विचारतोय, याचं भान वकीलसाहेबांना राहिलं नाही. पेंग्विन निर्दोष सुटली. तिसरा माणूस समोर येऊन बसला की युक्तिवादाची काय गत होते, हे शिकवायला मी वर्गात अजून हेच उदाहरण वापरतो.

आपल्याकडे गोष्ट वेगळी झाली. त्याच पुस्तकाच्या विक्रीबद्दल मुंबईतल्या एका पुस्तकविक्रेत्याला शिक्षा झाली होती. १९६४ मध्ये ‘रणजित उदेशी विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली आणि न्या. हिदायतुल्ला यांनी हिकलिनची कसोटी आपल्याकडे लागू मानली. इंग्लंडच्या ज्युरीने ज्या तिसऱ्या माणसावर विश्वास टाकला, तोच चार वर्षांनी आपल्याकडे पुन्हा कच्च्या मनाचा ठरला.

मराठीत ही परंपरा जुनीच. र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’वर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेली उत्तरंच अश्लील ठरवली गेली. कर्व्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं होतं, तरी खटला हरला आणि कर्व्यांना दंड झाला. यात एक बारीक गोष्ट तुमच्या कामाची आहे. शंका विचारणारा वाचक खरा होता, पत्र लिहून विचारत होता. त्याला उत्तर हवं होतं. शिक्षा मात्र झाली ती तो अंक हाती पडून बिघडेल अशा दुसऱ्या, कल्पनेतल्या वाचकासाठी. खरा वाचक आणि कल्पनेतला वाचक समोरासमोर उभे राहिले की कल्पनेतल्याचं पारडं जड होतं, असं निदान त्या वेळी तरी झालं.

नंतरचं उदाहरण ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’ या कथेचं. मुंबई उच्च न्यायालयाने दोषी धरलं, १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोडलं. त्या निकालातली दोन वाक्यं तुमच्या सैद्धांतिक प्रकरणात यायलाच हवीत. एक असं, की एखाद्या अपवादात्मक व्यक्तीवर काय परिणाम होईल ते बघायचं नाही, ज्या वर्गाच्या हाती ही कथा पडते त्या वर्गाचं बघायचं. दुसरं जास्त खमंग आहे : लैंगिकतेचा नुसता उल्लेख आला म्हणून कादंबरी किशोरांना वर्ज्य ठरवली, तर त्यांना कुठलीच कादंबरी वाचता येणार नाही, निव्वळ धार्मिक पुस्तकं तेवढी वाचावी लागतील.

मग ‘तमस’. जानेवारी १९८८ मध्ये दूरदर्शनवर फाळणीवरची ही मालिका सुरू झाली आणि ती थांबवण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात अर्ज आला. न्या. लेंटिन आणि न्या. सुजाता मनोहर यांनी मालिका स्वतः पाहिली आणि अर्ज फेटाळला. अशी प्रकरणं आली की युक्तिवाद ठरलेला असतो : तुम्ही-आम्ही समजून घेऊ, पण अडाणी प्रेक्षक भडकेल. न्यायाधीशांनी लिहिलं, निरक्षर माणसांकडे सारासार बुद्धी नसते असं नाही, अतिरेकी मंडळींची कारस्थानं पडद्यावर दाखवली तर ती त्यांनाही कळतात. सर्वोच्च न्यायालयाने हे उचलून धरलं आणि आधार घेतला तो आपल्या नागपूरच्या एका जुन्या निकालाचा. न्या. व्हिव्हियन बोस यांनी १९४० च्या दशकात नागपूर उच्च न्यायालयात लिहून ठेवलं होतं की शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर आणि धीट माणसांच्या मापाने जोखावा, दुबळ्या आणि डळमळीत मनांच्या मापाने नव्हे, आणि प्रत्येक विरोधी मतात धोक्याचा वास येणाऱ्यांच्या मापाने तर नव्हेच.

पण पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, एस. रंगराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालय चित्रपटाबद्दल म्हणतं, की तो जनसमूहासाठी असतो आणि हा समूह काय बघायचं याची सहसा निवड करत नाही, म्हणून पूर्वतपासणी गरजेची. निकाल खटल्यातल्या चित्रपटाच्या बाजूनेच लागला, हे सांगायला हवं. तरी बघा, एकाच न्यायालयाचा प्रेक्षक वर्षभरात शहाण्याचा भोळा झाला. २०१४ मध्ये हिकलिन सोडून समाजाच्या चालू मापदंडांची कसोटी आली, म्हणजे कच्च्या मनाच्या जागी सरासरी माणूस आला. भांडण संपलं नाही, पण ते निदान उघडपणे ‘तो माणूस कोण’ यावर चाललंय. तुमच्या प्रश्नावलीत मात्र तो ‘इतर’ एवढ्या तीन अक्षरांत गुंडाळलेला आहे.

आता संशोधन काय सांगतं ते.

स्वतःवर कमी आणि इतरांवर जास्त, हा फरक पक्का आहे. देशोदेशी, वेगवेगळ्या माध्यमांबद्दल तो पुन्हा पुन्हा सापडला आहे. मजकूर घातक वाटत असेल तर फरक वाढतो. मजकूर चांगला असेल, उदाहरणार्थ आरोग्यसंदेश, तर तो घटतो, कधी उलटाही होतो. चांगल्या गोष्टी ऐकण्याइतके आपण शहाणे असतोच ना! पण त्या फरकाचा सेन्सॉरशिपच्या पाठिंब्याशी असलेला संबंध एवढा ठळक नाही. अल्बर्ट गुंथर यांनी १९९५ मध्ये अमेरिकेत अश्लील साहित्याबद्दल दाखवलं, की ज्यांच्या मनात हा फरक मोठा ते निर्बंधांना जास्त अनुकूल असतात. १९९७ मध्ये हिंसक आणि स्त्रीद्वेष्ट्या रॅप गाण्यांबद्दलही असंच दिसलं. सगळे अभ्यास एकत्र केल्यावर मात्र चित्र असं आहे की फरक दणकट आणि त्याचा वागण्याशी किंवा पाठिंब्याशी संबंध त्यामानाने लहान. काही वेळा तो उलट्या दिशेलाही जातो. अमेरिकेत २०१८ साली फेक न्यूजबद्दल झालेल्या अभ्यासात, इतर लोक जास्त फसतात असं ज्यांना वाटत होतं त्यांनी सरकारी नियमनाला कमी आणि माध्यम-साक्षरतेला जास्त पाठिंबा दिला. म्हणजे ‘लोक फसतात’ यातून ‘बंदी घाला’ हे आपोआप निघत नाही. कधी ‘त्यांना शिकवा’ निघतं. दोन्हीत एक वडीलधारा सूर आहेच, पण धोरण म्हणून त्यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर.

मॅक्लिऑड, डेटेनबर आणि एव्हलँड यांचं २००१ चं काम जरूर वाचा. त्यांना आढळलं की इतरांबद्दल अंदाज करताना लोक एक साधा हिशेब लावतात : जेवढं बघतो तेवढा बिघडतो. स्वतःचा हिशेब मात्र वेगळा, तिथे समज आणि विवेक जमेला धरतात. सेन्सॉरशिपच्या पाठिंब्याशी जोडलेली आढळली ती पालकत्वाची भावना, म्हणजे ‘लोकांना त्यांच्या भल्यासाठी जपलं पाहिजे’ अशी वृत्ती. मी क्षेत्रकामात लोकांशी बोलतो तेव्हा हेच ऐकतो. शहरातला माणूस म्हणतो, खेड्यातली पोरं बिघडतील. खेड्यात जाऊन विचारा, शहरातली पोरं वाया गेलीच आहेत, आता ते लोण इकडे येईल. कॉलेजातली मुलं शाळेतल्या मुलांची काळजी करतात आणि त्यांचे आईबाप कॉलेजातल्यांची. बोट प्रत्येकाचं पलीकडे.

अर्थात ही बोटं नुसती अंतरावर ठरत नाहीत. तैवानमध्ये इंटरनेटवरच्या अश्लील मजकुराबद्दल झालेल्या २००२ च्या अभ्यासात स्त्रियांना वाटलं की त्याचा वाईट परिणाम इतर स्त्रियांपेक्षा इतर पुरुषांवर जास्त होतो. इथे तिसरा माणूस ‘बिचारा’ नाही, त्याच्यापासून आपल्यालाच धोका आहे. ‘तो बिघडेल’ आणि ‘तो बिघडून मला त्रास देईल’ या दोन वेगळ्या भीती आहेत. पहिलीत पालकत्व आहे, दुसरीत स्वसंरक्षण. रात्री एकटीने लोकलने घरी येणाऱ्या बाईने दुसरं कारण दिलं आणि तुम्ही ते ‘इतरांना कमी लेखण्याची वृत्ती’ या रकान्यात टाकलंत, तर तिच्यावर अन्याय कराल.

‘फुगवून बघतात’ या शब्दाबद्दल. सगळेच सरासरीपेक्षा कमी प्रभावित असू शकत नाहीत, त्यामुळे कुठेतरी चूक आहे हे खरं. पण कुठे? गुंथर यांच्या बदनामीकारक बातमीवरच्या १९९१ च्या प्रयोगात चूक इतरांच्या अंदाजात होती, तो जास्त निघाला. डग्लस आणि सटन यांनी २००४ मध्ये प्रत्यक्ष मतबदल मोजला तर उलट दिसलं : इतरांबद्दलचा अंदाज बऱ्यापैकी बरोबर आणि चूक स्वतःबद्दल. म्हणजे कदाचित ‘लोकांवर परिणाम होतो’ हे लोक बरोबर सांगत असतील आणि ‘माझ्यावर होत नाही’ हे चूक. तुम्ही खरा परिणाम मोजलेलाच नाही, त्यामुळे कुठलीच बाजू घेऊ नका.

आणि ‘म्हणून’ हा शब्द खोडा. एकदाच घेतलेल्या सर्वेक्षणात कारण आधी की कार्य आधी हे कळत नाही. ज्याला मुळातच, धर्मामुळे, पक्षामुळे किंवा नुसत्या किळसेमुळे बंदी हवी आहे, तो सभ्य कारण म्हणून ‘समाजावर परिणाम’ पुढे करेल. ‘मला आवडत नाही म्हणून बंद करा’ म्हणायला संकोच वाटतो, ‘मुलांवर परिणाम होतो’ म्हणायला वाटत नाही. माझा अंदाज, आकडेवारी नव्हे, असा की आपल्याकडच्या पाठिंब्यात या वाटेने आलेला भाग बराच आहे.

मुलांचं मात्र वेगळं ठेवा. सहा वर्षांच्या मुलावर चाळिशीच्या माणसापेक्षा जास्त परिणाम होतो असं म्हणणं हा पूर्वग्रह नाही. २०२१ च्या नियमांनी ओटीटीला यू, यू/ए ७+, १३+, १६+ आणि ए असे वयोगट लावायला सांगितले, ते याच समजुतीवर. उत्तर देणाऱ्याच्या मनात ‘इतर’ म्हणजे लहान मुलं असतील आणि तुम्ही त्याला गैरसमजाचा नमुना म्हणून मांडलंत, तर परीक्षक तुम्हाला पहिल्याच प्रश्नात पकडतील.

आता करायचं काय? सर्वेक्षण टाकून देऊ नका, पण दुसरी छोटी फेरी घ्या. ‘इतर’ तोडा : तुमचे मित्रमैत्रिणी, तुमच्या गावातले किंवा वस्तीतले लोक, महाराष्ट्रातले लोक, कमी शिकलेले प्रौढ, बारा वर्षांखालची मुलं. प्रत्येकासाठी परिणामाचा प्रश्न वेगळा. ‘सेन्सॉर हवं का’ हा प्रश्नही तोडा, कारण त्यात पूर्ण बंदीपासून वयाच्या अटीपर्यंत सगळं मावतं आणि प्रत्येकजण त्याला हवं ते ऐकतो. पूर्ण बंदी, दृश्यं कापणं, वयाची अट, पालकांसाठी कुलूप, फक्त इशारा, असे पर्याय द्या आणि एखादं ठोस दृश्य वर्णन करून विचारा. प्रश्नांचा क्रम निम्म्या लोकांसाठी उलटा ठेवा, कारण परीक्षक ते विचारतातच.

विश्लेषणात ‘इतर वजा स्वतः’ हा एकच आकडा वापरण्याचा मोह टाळा. नऊ वजा सहाही तीन आणि चार वजा एकही तीन, पण ती दोन माणसं एकसारखी नाहीत. पहिल्याला सगळीकडेच धोका दिसतो, दुसऱ्याला फारसा कुठेच नाही. दोन्ही मूल्यं स्वतंत्र ठेवा, सोबत वय, शिक्षण, धार्मिकता आणि पालकत्वाच्या वृत्तीचे चार-पाच प्रश्न घाला, आणि मग बघा सेन्सॉरच्या पाठिंब्याशी खरं कोण जोडलं जातं. इतरांवरचा परिणाम एकटाच पुरेसा ठरला आणि स्वतःच्या आकड्याने काहीच भर पडली नाही, तर तुमचा विषय थर्ड पर्सन इफेक्ट राहत नाही, साधी ‘माध्यमं लोकांना बिघडवतात’ ही समजूत उरते. शीर्षक बदलावं लागेल. मार्गदर्शक कुरकुरतील, तेव्हा त्यांना हे दोन परिच्छेद दाखवा.

आणि फेरीच्या आधी वीस-पंचवीस जणांशी निवांत बोला. ‘इतरांवर परिणाम होतो’ असं म्हणाले की लगेच विचारा : म्हणजे कोणावर हो? एखाद्याचं वर्णन करा ना. पर्याय सुचवू नका, आणि जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. तुमच्या गटांची यादी त्या कागदांतून काढा. मी वर दिलेली त्यानंतर फेकून दिलीत तरी चालेल.